खांबाच्या अलीकडे

लग्न होऊन मी वाशीला आले आणि सासरी मला पहिलं काम मिळालं ते गाडीत मागे बसण्याचं.

माझे सासरे आयुष्यभर घाटातून बस चालवून निवृत्त झाले होते. घरी बसणं त्यांना जमेना, म्हणून त्यांनी राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर एक गाळा घेतला आणि मोटर ड्रायव्हिंग स्कूल काढलं. एक जुनी फियाट होती. तिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक बसवून घेतला होता. ऐंशी सालानंतरची ती पहिली वर्षं. वाशीत तेव्हा शिक्षिका, कारकून, बँकेतल्या बाया अशा नोकरी करणाऱ्या बऱ्याच बायका राहायला आलेल्या, आणि त्यांतल्या काहींना गाडी शिकायची होती.

सासूबाईंनी अट घातली. "बायकांना शिकवायचं तर गाडीत आपल्या घरचं बाईमाणूस पाहिजे. उद्या कुणी बोट दाखवायला नको." त्यांना स्वतःला गाडी लागायची, दोन वळणांत पोटात ढवळायचं. म्हणून मी. सकाळचा स्वयंपाक आटोपून मी क्रोशाची सुई आणि दोऱ्याचा गुंडा घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसायची. नवरा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. तो हसायचा. "तुला पगार लावायला सांग बाबांना," म्हणायचा.

मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, मी घरात कधी आवाज चढवताना पाहिलं नाही. गाडीत मात्र ते दुसरेच कुणी व्हायचे. "क्लच! क्लच म्हणतोय मी!" असं ओरडायचे की काचा थरथराव्यात. शिकणारी रडकुंडीला येई. मग घरी परतल्यावर तिला स्वतः पाणी आणून देत, "उद्या या, बरं का" म्हणत. ते ओरडत होते तोवर सगळं ठीक आहे, हे मला हळूहळू कळायला लागलं.

शिकवणी असायची नेरूळला. तिकडे तेव्हा रस्ते आधी झाले होते आणि घरं व्हायची होती. रुंद डांबरी रस्ते, कडेला दिव्यांचे खांब, आणि दोन्ही बाजूंना नुसतं गवत. चुकायला भरपूर जागा. पण परत येताना हायवे ओलांडून वाशीत शिरावं लागे, आणि त्या चौकात सिग्नल बसवले होते. कांदा-बटाट्याचे ट्रक, टँकर, पनवेलकडून भरधाव येणाऱ्या बसगाड्या, सगळं त्या चौकातून जायचं. मामंजींची खरी शाळा तिथे भरायची.

हिरवा आणि लाल ते शिकवतच नसत. "ते पोराटोरांनाही कळतं," म्हणत. "पिवळा ज्याला कळला त्याला गाडी आली."

चौकाच्या अलीकडे रस्त्याकडेला विजेचा एक खांब होता. त्याच्याकडे बोट दाखवून ते सांगायचे, "आपल्या वेगाला हा खांब आपला. खांबाच्या अलीकडे असताना पिवळा लागला तर थांबायचं. कुणी मागून कितीही हॉर्न मारो. खांब ओलांडल्यावर पिवळा लागला तर निघायचं. मग ब्रेकला पाय लावायचा नाही. अर्धवट थांबलात तर चौकात मधोमध सापडाल. आणि हे ठरवायचं खांबाशी पोचायच्या आधी. पिवळा लागल्यावर विचार करत बसाल तर मेलात."

हे ऐकायला सोपं होतं. मी मागे बसून ऐकून ऐकून पाठ केलं होतं. पण समोर बसलेल्या बायकांचे हात त्या चौकात गार पडत, हे मी मागूनही ओळखायची. खांदे वर यायचे, मान ताठ व्हायची.

त्या बायकांत एक जण होत्या, पस्तिशीच्या. मी त्यांना ताई म्हणायची. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून शिकून वर आलेल्या, सरकारी कचेरीत कारकून. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो असलेलं त्यांचं दोन खोल्यांचं घर आमच्या मागच्या इमारतीत होतं. त्यांच्या नवऱ्याने हौसेने जुनी गाडी घेतली, आणि वर्ष व्हायच्या आत साखरेच्या आजाराने यजमानांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. गाडी खाली ताडपत्रीखाली उभी राहिली. विकायचं निघालं तेव्हा ताई म्हणाल्या, "विकायची कशाला? मी शिकते."

ताई मन लावून शिकत. मामंजी जे सांगत ते घरी जाऊन पुन्हा बोलून बघत असाव्यात, कारण दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या तोंडून जसंच्या तसं यायचं. गिअर आला, वळण आलं, चढावर गाडी धरून ठेवणं आलं. पिवळा मात्र येईना.

एके दिवशी नेरूळहून परत येत होतो. दिवा हिरवा होता. खांब मागे पडला, आणि पिवळा लागला.

"निघा!" मामंजी म्हणाले.

ताईंचा पाय ब्रेकवर गेला. गाडी पांढरा पट्टा ओलांडून चौकात निम्मी आत जाऊन थांबली, आणि बंद पडली. माझ्या हातातली सुई खाली पडली. उजवीकडून हायवेवरचे ट्रक सुटले.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मामंजींच्या पायाशी ब्रेक आहे, क्लच आहे, पण ॲक्सिलेटर नाही. ते गाडी थांबवू शकत होते. पळवू शकत नव्हते. "स्टार्ट करा! किल्ली! किल्ली फिरवा!" ते ओरडत होते. ताई किल्ली फिरवत होत्या आणि गाडी नुसती खाकरत होती. बटाट्याच्या गोण्या भरलेला एक ट्रक आमच्या नाकासमोर करकचून वळला. त्याची ताडपत्रीची दोरी आमच्या बॉनेटवर फटकन आपटून गेली. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. कडेला सायकल धरून उभा असलेला वाशी गावातला एक म्हातारा हात नाचवत ओरडला, "बाय, मधीच काय उभी र्‍हायलीस? मराचं हाय काय?"

तिसऱ्यांदा की चौथ्यांदा गाडी सुरू झाली. पलीकडे गेल्यावर मामंजींनी ती बाजूला घ्यायला लावली. मला वाटलं आता फटाके फुटणार. पण त्यांनी रुमालाने मान पुसली आणि विचारलं, "खांब मागे गेला होता. दिसला होता ना?"

"दिसला होता, सर."

"मग?"

ताईंचे हात अजून स्टिअरिंगवर होते. "पिवळा बघितला की मला ठरवताच येईना गेलंय, सर. तुम्ही निघा म्हणालात ते ऐकू आलं. पाय ऐकंना."

पुढचे काही दिवस मामंजींनी ताईंना त्या एकाच चौकातून पुन्हा पुन्हा नेलं. पलीकडे जाऊन वळायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. खांब जवळ आला की ताई मोठ्याने बोलायच्या, "अलीकडे... अलीकडे... अलीकडे... पलीकडे." एकदा दिवा नेमका "अलीकडे" म्हणत असताना बदलला आणि त्या पट्ट्याच्या आत सुरेख थांबल्या. मागच्या टेम्पोवाल्याने शिव्या दिल्या. मामंजी खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला म्हणाले, "शिकाऊ आहे बाबा, तुझ्यासारखी पंडित नाही." ताई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

त्यानंतर दोनेक आठवड्यांची गोष्ट असेल. ताईंची लायसन्सची ट्रायल जवळ आली होती. त्या दिवशी त्यांनी कचेरीतून अर्धी रजा घेतली होती, म्हणून आम्ही टळटळीत दुपारी निघालो. मामंजी सकाळपासून डावा दंड चोळत होते. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "पित्त झालंय. रात्रीची आमटी जळजळीत होती." सासूबाईंनी त्यांना कोकमाचं सरबत दिलं, ते पिऊन निघाले.

नेरूळच्या रस्त्यांवर ताईंनी रिव्हर्स घेतला, तो वाकडा गेला. मामंजी काही बोलले नाहीत. ताईंनी वळताना इंडिकेटर दिला नाही. तरी ते काही बोलले नाहीत. मी सुईवरून नजर उचलली. मागून मला त्यांची मान दिसत होती. मानेवर घाम साचून कॉलर काळी पडली होती. खिडकी उघडी होती, वारा येत होता.

"मामंजी, बरं वाटत नाही का?"

उत्तर आलं नाही. ताईंनी एकदा बाजूला पाहिलं आणि गाडीचा वेग कमी केला.

"गाडी बाजूला घ्या," मामंजी म्हणाले. आवाज त्यांचा वाटला नाही. गाडी थांबली. त्यांनी हात छातीवर ठेवला, डोकं मागे टाकलं, तोंड उघडं ठेवून दोनतीन श्वास घेतले. चेहरा राखेसारखा झाला होता.

आजूबाजूला कुणी नव्हतं. गवत, खांब, आणि लांब एका अर्धवट इमारतीचे बांबू. रिक्षा तिकडे यायची नाही. फोन कुठून करणार? मी दार उघडून खाली उतरले आणि नुसती रस्त्यावर इकडेतिकडे बघत उभी राहिले. मला गाडी चालवता येत नव्हती. मागे बसून बसून सगळं तोंडपाठ होतं आणि हातात काही नव्हतं.

"वहिनी, बसा आत," ताई म्हणाल्या. "दार लावा. दवाखान्यात नेते."

"तुम्ही?"

"दुसरं कोण आहे?"

मी बसले. मागून हात घालून मामंजींचे खांदे धरले. त्यांचं अंग थंड आणि ओलं लागत होतं. ताईंनी गाडी पहिल्यात टाकली, दुसऱ्यात, तिसऱ्यात. मी त्यांना एवढ्या वेगाने कधी चालवताना पाहिलं नव्हतं, आणि तरी मला ती गाडी सरकत नाही असं वाटत होतं. "लवकर, ताई, लवकर," मी म्हणत होते. मामंजींचे डोळे मिटले होते. खड्डा आला की ते कण्हायचे. ते कण्हले की मला बरं वाटायचं, निदान जिवंत तरी आहेत.

चौक दिसायला लागला. पलीकडे वाशी, आणि वाशीत शिरलं की दवाखाना जवळच. दिवा हिरवा होता.

"हिरवा आहे, हिरवा आहे, जा!" मी म्हणाले.

ताईंचे ओठ हलत होते. मला ऐकू आलं नाही, पण काय म्हणताहेत ते कळत होतं. आणि खांब पुढे असतानाच, अगदी थोडा पुढे असताना, पिवळा लागला.

गाडीचा वेग कमी व्हायला लागला.

"ताई, जा! थांबू नका! ताई!"

त्या थांबल्या. पांढऱ्या पट्ट्याच्या आत, सरळ, शिकवल्यासारख्या. दिवा लाल झाला.

मी त्यांच्या सीटच्या पाठीवर मुठी मारल्या. काय काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. "माणूस मरतोय इथे" असं म्हटल्याचं आठवतं. मागच्या टेम्पोने हॉर्न मारला, आमच्या बाजूने पुढे निसटला आणि लाल दिव्यातून चौक ओलांडून गेलासुद्धा. त्याला काही झालं नाही. "तो बघा गेला!" मी ओरडले. "कुणी नाहीये! जा ना!"

आणि खरंच कुणी नव्हतं. दुपारची वेळ, हायवे दोन्ही बाजूंनी तापून चकाकत होता. पनवेलकडून एक रिकामी बस आली आणि सावकाश निघून गेली. मग काहीच नाही. आम्ही एका मोकळ्या रस्त्यापुढे थांबून होतो आणि माझ्या हातांखाली मामंजींचा श्वास फाटत होता.

ताईंनी मागे वळून पाहिलं नाही. "वहिनी, सरांच्या शर्टाची बटणं काढा," एवढंच म्हणाल्या. मी बटणं काढली. गाडी त्यांनी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबून धरली होती. त्यांचा गुडघा साडीखाली थडथड उडत होता, तो मला मागून दिसत होता. एकदा मामंजींनी डोळे उघडले, समोर दिव्याकडे पाहिलं आणि पाय हलवल्यासारखं केलं. मग पुन्हा मिटले.

हिरवा लागला. मला वाटलं, आता ही गाडी बंद पडणार. पडली नाही.

दवाखान्याच्या फाटकातून ताईंनी गाडी उलट्या बाजूने आत घातली. रखवालदार ओरडत मागे पळत आला. पायऱ्यांना लागून गाडी थांबली. स्ट्रेचर आलं, दोघांनी मामंजींना उचललं, आणि एक नर्स मला विचारत होती, "दुखायला लागून किती वेळ झाला?" मला सांगता येईना. ताईंनी सांगितलं.

मामंजी वाचले. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक होता, वेळेत आणलंत. पण हे आम्हाला कळायला दुसरा दिवस उजाडला. त्या संध्याकाळी आम्ही सगळे व्हरांड्यात बसून होतो. नवरा कारखान्यातून कामाच्या कपड्यांतच आला होता. सासूबाईंना मी सगळं सांगितलं, आणि सांगताना माझा राग मला आवरला नाही. लाल दिव्यापाशी आलो तेव्हा सासूबाईंनी मला मध्येच थांबवलं.

"थांबली? कशाला थांबली?"

"पिवळा लागला म्हणून."

"अगं, माणूस जात होता!" त्या रडायला लागल्या. "त्या दिव्याला काय आग लागली असती?"

ताई दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर नवऱ्याला धरून दवाखान्यात घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांचा जाड भिंगांचा चष्मा होता, जिना चढताना ते पाय चाचपत टाकत. सासूबाईंनी तोंड फिरवलं. यजमान माझ्या नवऱ्यापाशी बसले, आणि मी ताईंच्या मागे जिन्यापर्यंत गेले. मला राहवत नव्हतं.

"ताई, तुम्ही का थांबलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रात्रभर झोपल्या नसाव्यात. "मला वाटलंच, तुम्ही विचाराल."

"रस्ता मोकळा होता."

"थांबल्यावर दिसला मोकळा. खांबापाशी मला तेवढं दिसत नव्हतं. उजवीकडून काय येतंय, किती जोरात येतंय, मला अजून कळत नाही, वहिनी. तुम्ही बघितलंय मला त्या चौकात." त्या कठड्याला टेकल्या. "रोज गाडीत दोन ब्रेक असतात. एक माझा, एक सरांचा. काल एकच होता. मी चुकले असते तर कुणी सावरणार नव्हतं. सर गेले असते, तुम्ही गेला असता. मला घरी दोन लेकरं आहेत आणि त्यांच्या बापाला दिसत नाही."



"आणि खरं सांगू का," त्या म्हणाल्या, "एवढा सगळा विचार मी तिथं केलाच नाही. हा रात्री केला. तिथं नुसतं अलीकडे होते, म्हणून थांबले."

मला ते पटलं नाही. पटलं नाही असं मी म्हणालेही. त्या म्हणाल्या, "असू द्या." आणि नवऱ्याला घेऊन निघून गेल्या.

मामंजी घरी आले ते अर्धे होऊन आले. डॉक्टरांनी जिना, ओरडणं आणि गाडी, तिन्हींना मनाई केली. ते खिडकीपाशी खुर्चीत बसून राहत. गाळ्याला कुलूप होतं. ताई पहिल्यांदा घरी भेटायला आल्या तेव्हा सासूबाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि आत गेल्या. दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या, हे मला बांगड्यांवरून कळलं.

मामंजींनी ताईंना विचारलं, "पिवळा लागला तेव्हा खांबाच्या अलीकडे होतात?"

"हो, सर."

"नक्की?"

"नक्की."

"मग ठीक." त्यांनी मान हलवली आणि ट्रायलची चौकशी केली.

ताई गेल्यावर सासूबाई बाहेर आल्या. "ठीक काय ठीक? तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

मामंजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला सगळं कळत होतं गं. गाडी थांबलेली कळली. समोर लाल दिसला. मी मनात म्हणत होतो, जा बाई, जा. माझा पाय ॲक्सिलेटर शोधत होता. तिथे ॲक्सिलेटर नाहीच, हे मला ठाऊक असून शोधत होता." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "एवढ्या जणींना शिकवलं, मागच्याची फिकीर करू नका, आतल्याची फिकीर करू नका, थांबा. सांगणारा मी, आणि स्वतःवर आलं तेव्हा मीच म्हणत होतो, जा. ती ऐकणारी निघाली म्हणून."

"म्हणजे तिनं बरोबर केलं म्हणता?"

"मी असतो तर गेलो असतो," मामंजी म्हणाले. "मला अंदाज होता. तिला नव्हता. तिनं बरोबर केलं. पण मी गेलो असतो."

सासूबाईंना यातलं फक्त शेवटचं वाक्य लक्षात राहिलं. ते त्या पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगत.

ट्रायलला ताईंना सोबत म्हणून माझा नवरा शेजारी बसला आणि मी मागे. मैदानात गाडीने आठाचा आकडा काढायचा होता, चढावर गाडी थांबवून उचलायची होती. ताई पास झाल्या. परत येताना त्याच चौकात दिवा हिरवा मिळाला, आम्ही सरळ निघून आलो.

गाळ्याचं काय करायचं, हा प्रश्न होताच. मामंजी तो विकायला निघाले. बायका मात्र चौकशीला येतच होत्या. एका संध्याकाळी जेवताना मी म्हणाले, "मी शिकले तर?" माझ्या आवाजाने मीच दचकले. त्या दुपारी रस्त्यावर उतरून नुसती उभी राहिले होते, ती जागा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. नवऱ्याने ताटातून मान वर केली. सासूबाई म्हणाल्या, "आणि घरातलं?" जेवण झाल्यावर मामंजींनी खुंटीवरची फियाटची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

पण मला शिकवणार कोण? ते गाडीत बसू शकत नव्हते. नवऱ्याची पाळी, आणि त्याचा माझ्यावर ओरडण्याचा हक्क मला मान्य नव्हता. शेवटी मी ताईंच्या दारात गेले. जिन्यावरच्या त्या बोलण्यानंतर आमचं नीटसं बोलणं झालं नव्हतं. त्यांनी मला आत बसवलं, आणि मी काय मागायला आले ते ऐकून म्हणाल्या, "मला स्वतःला अजून धड येत नाही."

"जेवढं येतं तेवढं शिकवा."

कचेरीच्या आधी, सकाळी, आम्ही निघायला लागलो. ताईंच्या ताडपत्रीखालच्या गाडीत दुसरा ब्रेक नव्हता, म्हणून फियाटच घ्यायचो. ताई मामंजींच्या जागी बसत. त्या ओरडत नसत. मी चुकले की त्या हळूच दोन्ही हात मांडीवर दाबून धरत, आणि ते मला ओरडण्यापेक्षा भारी जाई.

हायवेच्या चौकात पिवळा मला पहिल्यांदा मिळाला तो खांब ओलांडल्यावर. मी पाय ॲक्सिलेटरवर ठेवला आणि निघाले. हायवेचे ट्रक सुटायच्या आत पलीकडे पोचले. मला एवढा आनंद झाला की मी मोठ्याने हसले.

"बरोबर," ताई म्हणाल्या. "मागे काय होतं?"

"मागे?"

"तुमच्या मागे. आरशात."

मी आरसा पाहिलाच नव्हता. वळून बघितलं तर आमच्या पाठोपाठ एक टँकर चौक ओलांडून येत होता, अगदी जवळ. मी थांबले असते तर तो आमच्यावरच आला असता.

"मी पाहिलं नाही," मी म्हणाले.

"मला कळलं ते," ताई म्हणाल्या, आणि घड्याळाकडे बघितलं. कचेरीला उशीर होत होता. "पुढनं वळवा. परत एकदा जाऊ."

मी इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली.